अस्तंब्याला पहिल्यांदा जाताय? हिशेब उतरणीपासून मांडा

धुळ्या-जळगावात वाढलेल्या माणसाला चढ माहीत असतो तो उड्डाणपुलाचा. आपला मुलूख तापीच्या दोन्ही अंगांना तव्यासारखा पसरलेला. सातपुडा दिसतो तो उत्तरेला निळसर रेघेसारखा, आणि बहुतेकांना तो जन्मभर नुसता दिसतच राहतो. मलाही पस्तिशीपर्यंत तो तसाच दिसत होता. मग एका डिसेंबरात भाच्याला आणि एका मैत्रिणीला घेऊन सातपुड्यातल्या अस्तंबा शिखरावर गेले. दुपारी साडेतीनला माथ्यावर पोचलो, अर्धा तास फोटो काढले आणि निम्म्या उतरणीत अंधार झाला. तिघांत मिळून एका मोबाइलचा उजेड, त्याचंही चार्जिंग अठरा टक्के. आमचा आरडाओरडा ऐकून खालच्या पाड्यावरचा एक मुलगा बॅटरी घेऊन वर आला, म्हणून आज हे हसत सांगता येतं. त्यानं एकच विचारलं, "मॅडम, इतक्या उशिरा चढलातच कशाला?"

त्याला द्यायला उत्तर नव्हतं. त्यानंतर चार वेळा जाऊन आले, दरवेळी उजेडात खाली. पहिल्यांदा जाणाऱ्यांना जे सांगायचं ते त्या अनुभवातूनच सांगते. चढायला जमेल की नाही याची चिंता सगळे करतात, उतरण कुणी मोजत नाही. म्हणून आधी उतरण मोजा आणि बाकीची तयारी तिच्यावरून ठरवा.

डोंगर केवढा आहे

शाळेच्या पुस्तकात 'अस्तंभा', बोलण्यात 'अस्तंबा', आणि भाविकांसाठी 'अस्तंबा ऋषी', म्हणजे अश्वत्थामा. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी, म्हणजे धडगाव तालुक्यात हे शिखर आहे. उंची 1325 मीटर, फुटांत साधारण 4350. सातपुड्याचं सर्वोच्च शिखर, मध्य प्रदेशातलं धूपगड, 1350 मीटरचं. म्हणजे आपलं अस्तंबा त्याच्या जेमतेम पंचवीस मीटर खाली.

कळसूबाई 1646 मीटरची, अस्तंब्यापेक्षा बरीच उंच. पण कळसूबाईला लोखंडी शिड्या आहेत, सुट्टीच्या दिवशी वाटेवर लिंबूसरबत मिळतं आणि पुढे-मागे माणसं असतात. अस्तंब्याला यात्रेचे दिवस सोडले तर तुम्ही, तुमचा वाटाड्या आणि वारा. अवघडपणा उंचीपेक्षा या एकटेपणात जास्त आहे.

हवा विरळ होऊन त्रास होईल, ही भीती सोडा. उंचीचा तो आजार साधारण 2500 मीटरच्या पुढे सुरू होतो. इथे धाप लागली तर ती आपल्या पोटाची आणि सवयीची.

कधी जायचं

मधल्या नोव्हेंबरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. पावसाळ्यात अजिबात नाही. ओढे तासाभरात फुगतात, धुक्यात वाट दिसत नाही आणि चांदसैली घाटात दरडी येतात. मार्चनंतर खानदेशचं ऊन काय करतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको. सावली नसलेल्या धारेवर ते दुप्पट लागतं. शिवाय मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पडतात. ती वेचायला पहाटे माणसंही जातात आणि अस्वलंही.

थंडीला मात्र हलकं घेऊ नका. हजार मीटर वर गेलं की तापमान सहा-साडेसहा अंशांनी उतरतं. जळगाव, नंदुरबार ही शहरं साधारण दोनशे मीटरवर आहेत, म्हणजे शिखरावर घरच्यापेक्षा सात अंश कमी आणि वर वारा. थंडीची लाट आली की तोरणमाळ आणि डाबच्या भागात दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात. मुक्काम करणार असाल तर त्या बातम्या आधी आठवा.

घड्याळ उलटं फिरवा

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. कागद-पेन घ्या.

हिवाळ्यात आपल्याकडे सूर्य सहाच्या आसपास मावळतो. पण डोंगराच्या पोटात, घळीत, सावली पाचलाच भरते. म्हणून पाच वाजता गावात पोचायचं, हे पक्कं धरा आणि तिथून मागे या.

विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं 1892 मध्ये एक साधा आडाखा दिला. सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. समजा, तुम्ही जिथून चढायला लागता तिथून एका बाजूचं अंतर चार किलोमीटर आणि चढ पाचशे मीटर आहे. आडाख्यानं होतात सुमारे एक तास चाळीस मिनिटं. पण तो आडाखा सवयीच्या पायांचा. नवख्यांनी दुप्पट धरावं, म्हणजे तीन तास वीस मिनिटं. पाणी पिणं, धाप टाकणं, बुटाची नाडी बांधणं यांची चाळीस मिनिटं घाला. झाले चार तास.

आता उतरण. लोक चढाच्या निम्मा वेळ धरतात आणि तिथेच फसतात. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या मुरमाड वाटेवर, नवखा माणूस चढला जवळजवळ तितक्याच वेळात उतरतो. तीन तास धरा. पाचातून तीन गेले, दोन राहिले. कुणाचा पाय मुरगळला, वाट चुकली, तर त्यासाठी दीड तास राखीव. हाती आले दुपारचे साडेबारा.

ही तुमची परतीची वेळ. साडेबाराला जिथे असाल तिथून मागे फिरायचं, शिखर शंभर पावलांवर दिसत असलं तरी. ही वेळ आदल्या रात्री सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगायची, कारण वर गेल्यावर "आता आलोच आहोत तर" म्हणणारा एकजण प्रत्येक गटात असतो. आमच्या गटात ती मीच होते. चार तासांचा चढ धरला तर आठच्या आत निघावंच लागतं. मी सातला निघते.

आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या वाटेचे आकडे वाटाड्याला विचारा, आणि तो "एक तास" म्हणाला की स्वतःसाठी अडीच लिहा. तो खोटं बोलत नसतो. तो रोज डोक्यावर मोळी घेऊन तेवढ्या वेळात जातो.

दीड-दोन महिने आधी: पाय तयार करणं

सपाटीवर रोज पाच किलोमीटर चालणारी माणसंही डोंगरावर रडकुंडीला येतात, कारण चालणं वेगळं आणि उचलणं वेगळं. आपल्याला उंची हवी, आणि ती जिन्यात मिळते. चार मजली इमारत म्हणजे साधारण बारा मीटर. दहा फेऱ्या केल्या की एकशेवीस मीटर. आठवड्यातून तीन दिवस दहा फेऱ्यांनी सुरुवात करा, हळूहळू चाळीसपर्यंत न्या. चाळीस फेऱ्या म्हणजे 480 मीटर. वरच्या उदाहरणातला डोंगर तुम्ही घरच्या जिन्यात चढून झालेला असेल. शेजारी विचारतील, "काय भो, कथा चालना?" (कुठे निघालास?) विचारू द्या.

तिसऱ्या आठवड्यापासून पाठीवर सॅक घ्या, आत पाण्याच्या दोन-तीन बाटल्या. सुरुवातीला ते पाणी गच्चीवरच्या कुंड्यांना घालून रिकाम्या पाठीनं उतरा, गुडघे वाचतात. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत मात्र वजनासकट उतरा. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार झेलतो, आणि हीच सवय आपल्याकडे नसते. पहिल्या उतरणीनंतर एक-दोन दिवस मांड्या ठणकतात त्या यामुळेच.

महिनाभर झाला की खरा डोंगर गाठा. धुळेकरांना मुंबई-आग्रा महामार्गाला लागूनच लळिंगचा किल्ला आहे. सकाळी चढून दुपारच्या जेवणाला घरी येता येतं, आणि घसाऱ्यावर पाय कसा सरकतो याचा पहिला धडा तिथेच मिळतो. चाळीसगावकडच्यांना पाटणादेवीचं जंगल, यावलकडच्यांना मनुदेवीचा परिसर. पायऱ्यांची सवय करायची तर बागलाणातलं मांगीतुंगी. मला स्वतःला पायऱ्या आवडत नाहीत. सगळ्या सारख्या, गुडघ्याला उसंत नाही. पण दमसास तपासायला त्या चांगल्या.

रक्तदाब, साखर, दमा, हृदयाचं काही असेल तर डॉक्टरांना विचारून ठरवा. जिना चढताना छातीत दाब किंवा घेरी आली तर तो सराव कमी पडल्याचा प्रकार समजू नका.

बूट, कपडे आणि कुसळं

बूट नवे घालून जायचं नाही. किमान पन्नास किलोमीटर पायात झालेले हवेत. दुकानात संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. जाड मोजा घालून बूट घाला, आणि पुढे बोटांसमोर अंगठ्याएवढी जागा राहील असं माप घ्या. उतरताना पाऊल पुढे सरकतं. तिथे जागा नसेल तर अंगठ्याचं नख काळं पडतं. निघायच्या दोन दिवस आधी नखं कापा. आदल्या रात्री कापलीत तर कोपरे दुखतात. तळ खोल खाचांचा हवा. गुळगुळीत झालेले जुने स्पोर्ट्‌स शूज पहिल्या घसाऱ्यावरच तुम्हाला बसवतील.

जीन्स नको. भिजली की जड होते, गुडघ्यात अडते. पातळ, लवकर वाळणारी पूर्ण पँट घाला. पूर्णच, कारण पावसाळा संपला की गवत छातीला लागतं आणि त्याची कुसळं कापडात शिरून टोचत राहतात. लोकरी मोज्यात कुसळ गेलं तर मोजाच टाकावा लागतो. त्याहून वाईट खाजकुयली. शेंगांवर तपकिरी मखमल असते. मुलांना ती धरावीशी वाटते, आणि एकदा लागली की माणूस नाचायला लागतो. अशा शेंगांचा वेल दिसला की लांबून जा. लागलीच तर चोळू नका, चिकटपट्टी दाबून केस उपटून काढा आणि मग धुवा.

अंगात सुती बनियन घालत असाल तर एक कोरडं बनियन प्लास्टिकच्या पिशवीत बांधून न्या. घामानं भिजलेल्या सुती कपड्यात शिखरावरचा वारा लागला की दात वाजतात. वर पोचल्यावर फोटोच्या आधी बनियन बदला. डोक्याला टोपी किंवा रुमाल. वाऱ्यासाठी एक पातळ जॅकेट.

डोक्याला बांधायची बॅटरी प्रत्येकाकडे, म्हणजे प्रत्येकाकडे वेगळी, आणि जोडीला सुटे सेल. तुम्ही उजेडात परतणार आहात, तरीही. मोबाइलचा उजेड धरला की एक हात अडकतो, आणि घसाऱ्यावर दोन्ही हात लागतात.

बाकी सामान आवरतं ठेवा. क्रेप बँडेज, चिकटपट्टी, जखमेचं मलम, पॅरासिटामॉल, ॲलर्जीची गोळी, ओआरएसची पाकिटं, स्वतःची रोजची औषधं, शिट्टी. सॅकचं वजन आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास राहू द्या.

बायकांसाठी दोन शब्द, कारण हे कुणी सांगत नाही. आडोसा मिळतो. पण पाण्यापासून निदान साठ-सत्तर पावलं लांब जा आणि कागद, पॅड काही तिथे टाकू नका. एक काळी झिप पिशवी खास त्यासाठी ठेवा. लघवीला जावं लागेल म्हणून पाणी कमी पिऊ नका. मी पहिल्या वेळी तेच केलं, आणि उतरताना दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले.

पाणी आणि शिदोरी

माणशी तीन लिटर, ऊन असेल तर चार. शिखराच्या वाटेवर पाणी मिळेल असं गृहीत धरू नका. तहान लागायची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांना दोन घोट. एका बाटलीत ओआरएस कालवा. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ जास्त झालेलं चालत नाही, तेव्हा हे मोजून घरीच करून न्या.

खाण्यात आपल्याला बाहेर पाहायची गरज नाही. दुधात मळलेल्या दशम्या दोन दिवस मऊ राहतात. सोबत शेंगदाण्याची चटणी, कांदा, गूळ-शेंगदाणे, तिळाचे लाडू. केळी तर घरचीच, फक्त डब्यात घालून न्या, नाहीतर सॅकमध्ये शिकरण होते. ठेचा थोडा. वांग्याचं भरीत आणि पुऱ्या खाली उतरल्यावर. पोटभर तेलकट खाऊन चढता येत नाही, झोप येते. चढताना एका जागी बसून जेवायचं नसतं. तासातासाला मूठभर खायचं.

वाट, वाटाड्या आणि पाडे

जुनी यात्रेची वाट तळोद्याकडून, कोठार, देवनदी, असली असं करत वर येते. पायथ्यापासून सगळं अंतर पायी, रात्रभर. नवख्यांनी पहिल्यांदा ती धरू नये. वाहनानं चांदसैली घाट चढून अस्तंब्याच्या परिसरातल्या गावापर्यंत जावं, आणि तिथून सकाळी चढावं. रेल्वेनं येणाऱ्यांना नंदुरबार सोयीचं. सुरत-भुसावळ मार्गावर आहे. पुढे तळोदा किंवा शहादा, तिथून धडगावकडे. आदल्या दिवशीच वर येऊन राहा. पहाटे घरून निघून त्याच दिवशी चढायचा बेत केलात की वरचा सगळा हिशेब कोसळतो.

वाटाड्या घ्याच. नकाशा मोबाइलमध्ये उतरवून घ्या, पॉवर बँक न्या, पण डोंगरात खरी फसवणूक ढोरवाटांची असते. गुरांनी पाडलेली वाट माणसाच्या वाटेपेक्षा रुंद आणि ठळक दिसते, आणि चरायची जागा आली की गवतात विरून जाते. आम्ही अंधारात अशाच एका वाटेला लागलो होतो. गावात गेलात की पोलीस पाटलांकडे किंवा एखाद्या दुकानात विचारा. वन विभागाच्या माणसांना बेत सांगा, परवानगी किंवा नोंद लागते का तेही तिथेच कळेल. पैसे आधी ठरवा, नंतर घासाघीस नको. दिवसाची मजुरी बुडवून तो तुमच्यासोबत येतोय. जेवण त्याचंही तुमच्याकडून.

इथली वस्ती पावरा आणि भिल्ल समाजाची. घरं एका जागी दाटीवाटीनं नसतात, पाड्यापाड्यांनी विखुरलेली असतात. कुणाच्या अंगणातून वाट जात असेल तर विचारून जा. शेतातून तर नकोच. उभं पीक तुडवून शिखर गाठण्यात कसली मर्दुमकी. फोटो काढायच्या आधी विचारा, लहान मुलांचा काढायचा तर त्यांच्या आईला. तुमची मराठी सगळ्यांना कळेलच असं नाही, आणि अहिराणी तर ही त्यांची भाषाच नव्हे. हसून, थांबून, हातानं बोललं की जमतं. हंगाम असेल तर सीताफळं किंवा धडगावचा आमचूर तिथल्याच माणसाकडून विकत घ्या.

घरी एकाला लेखी निरोप ठेवा. कोण कोण गेलंय, कुठल्या गावातून चढतोय, वाटाड्याचा नंबर, आणि "रात्री आठपर्यंत फोन आला नाही तर 112 ला कळव." डोंगरात रेंज येते-जाते, म्हणून आठ ही वेळ पाचच्या बरीच पुढची ठेवलीय. उगाच घरच्यांचा जीव टांगणीला नको.

चढताना

पहिला अर्धा तास मुद्दाम हळू. शेजारच्याशी गप्पा मारता येतील एवढाच वेग, बोलताना वाक्य तुटायला लागलं की पाय आवरा. सगळ्यात हळू चालणारा पुढे, जाणता मागे. शहाण्यांचे गट असेच चालतात. पन्नास मिनिटं चालणं, पाच मिनिटं उभ्या उभ्या दम खाणं. बसलात की पाय थंड पडतात आणि पुन्हा उठणं जिवावर येतं. टाचेजवळ गरम लागायला लागलं की त्याच क्षणी थांबून चिकटपट्टी लावा. फोड आल्यावर लावून उपयोग नाही. गावातून बांबूची काठी मागून घ्या, तुमच्या छातीएवढी.

शेवटचा टप्पा उभा आणि अरुंद आहे. तिथे एकाच्या डोक्यावर दुसरा असं चढू नका, तिरपं अंतर ठेवा. पायाखालून दगड सुटला तर "दगड!" म्हणून ओरडायचं, लाजायचं नाही. खालच्यानं वर बघायचं नाही, डोकं सॅकखाली घेऊन कड्याला चिकटायचं.

माथ्यावर अश्वत्थाम्याचं स्थान आहे. कपाळावरचा मणी काढल्यावर राहिलेली जखम घेऊन तो या डोंगरांत हिंडतो, जखमेवर घालायला तेल मागतो, चुकलेल्याला वाट दाखवतो, असं इथली माणसं सांगतात. त्या रात्री बॅटरी घेऊन आलेल्या मुलाला माझी मैत्रीण अजून अश्वत्थामाच म्हणते. तुमची श्रद्धा असो-नसो, बूट बाहेर काढा आणि आवाज खाली ठेवा. दक्षिणेला तापीचं सपाट खोरं पसरलेलं दिसतं, उत्तरेला नर्मदेकडे उतरत जाणाऱ्या रांगांमागे रांगा. अर्धा तास बसा. आणि परतीची वेळ झाली की उठा.

उतरताना

थकलेले पाय, संपलेली उत्सुकता आणि घरच्या जेवणाची आठवण, या तिन्ही गोष्टी उतरणीत एकदमच येतात. बहुतेक माणसं म्हणूनच चढताना न पडता इथे पडतात. नाडी घट्ट बांधा, घोट्याजवळची जास्त घट्ट, म्हणजे बोटं पुढे आदळत नाहीत. पावलं आखूड. गुडघे किंचित वाकलेले. घाबरून मागे रेललात तर टाच निसटते आणि माणूस बसतो. वजन पायावर, थोडं पुढे ठेवलं की बुटाचा तळ पकड घेतो. काठी आधी, पाय नंतर. फार उभं असेल तिथे डोंगराकडे तोंड करून उतरायला कमीपणा नाही.

वाटेत कुणाचे गुडघे दुखायला लागले तर त्याची सॅक दुसऱ्यानं घ्या. त्याला "चल रे, आता थोडंच राहिलं" असं सांगू नका. त्याला दिसत असतं किती राहिलंय ते.

साप आणि मोहोळ

घोणस, फुरसं, नाग, मण्यार हे चारही विषारी साप आपल्या भागात आहेत. गवतात काठी आपटत चाला, दगडाच्या फटीत हात घालू नका, बसण्याआधी जागा पाहा. चावलाच तर माणसाला हलू देऊ नका, अंगठ्या-कडी काढा, चावल्याची वेळ लिहा, 108 ला फोन लावा आणि जवळच्या सरकारी दवाखान्याकडे निघा. चिरायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही, आणि मांत्रिकाकडे घटकाभरही घालवायची नाही. रस्ता नसलेल्या पाड्यांवरून आजारी माणसाला बांबूच्या झोळीत घालून आणतात. वर्तमानपत्रवाले तिला 'बांबुलन्स' म्हणतात. विनोद म्हणून छापलेला शब्द आहे, पण वरून खाली यायला तुमच्याकडेही तेवढाच उपाय असणार आहे. तो खांद्यावर घेणारे गावकरीच असतील.

कड्याला आग्या मोहोळ लटकलेलं दिसलं तर अत्तर, सेंट, धूर, आरडाओरडा काही नको. माश्या उठल्याच तर हात न झटकता, तोंड झाकून, आलात त्या बाजूला दूर जा.

यात्रेत जायचं असेल तर

धनत्रयोदशीला यात्रा भरते. नंदुरबार, गुजरात, मध्य प्रदेशातून माणसं येतात, रात्रभर ढोल आणि जयजयकार. एकदा अनुभवावी अशीच आहे. पण डोंगराची पहिली ओळख यात्रेत करू नका. आश्विन वद्य त्रयोदशीची रात्र म्हणजे जवळजवळ अवसेची. चंद्र उगवतो तो पहाटे, तोही नखाएवढा. अंधार, अरुंद वाट, वर जाणारे आणि खाली येणारे एकाच रेषेत. माझा वरचा परतीच्या वेळेचा हिशेब तिथे चालत नाही, गर्दी ठरवते.

तरी जाणारच असाल तर दरवर्षी जाणाऱ्या माणसांसोबत जा, लहान मुलांना नेऊ नका, अरुंद जागी मागून ढकलाढकली सुरू झाली तर दरीपासून लांब, डोंगराच्या अंगाला सरकून उभे राहा आणि पुढच्यांना जाऊ द्या. पहाट होऊ द्या, शेवटचा टप्पा उजेडात चढा.

आणि खचाखच भरलेल्या पिकअपमध्ये चढू नका. चांदसैली घाटात यात्रेकरूंच्या गाड्या उलटून माणसं गेली आहेत. शिखरावरून सुखरूप आलेला माणूस घाटात जावा, याइतकं वाईट दुसरं काही नाही.

तीच गोष्ट स्वतःच्या गाडीची. दिवसभर चढून-उतरून आल्यावर ब्रेकवरचा पाय थरथरतो आणि डोळे आपोआप मिटतात. पाचला गावात पोचलात की हातपाय धुवा, बूट काढा, वाटाड्यासोबत जेवा, त्याचे पैसे हातात द्या, घरी फोन करा आणि वरच झोपा. घाट सकाळी उतरायचा, नऊनंतर, धुकं उठल्यावर. सोमवारची रजा आधीच टाकून ठेवा. जिना उतरताना कठडा धरावा लागणार आहे.